गोल हात, सरळ हात

घरातलं एखादं जुनं स्टीलचं ताट घ्या आणि रात्री ट्यूबलाइट बंद करून एका बल्बखाली धरा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं दिसतील. ताट हलवलं की वर्तुळंही दिव्यामागोमाग सरकतील. म्हणजे ती ताटावर कुणी गोल काढलेली नाहीत. वर्षानुवर्षांच्या घासणीनं ताटावर सगळ्या दिशांनी ओरखडे पडलेत. त्यातले दिव्याला आडवे येणारे तेवढेच चमकतात, आणि डोळा त्यांची माळ ओवून वर्तुळ करतो. काळ्या गाडीच्या बॉनेटवर उन्हात दिसतं ते हेच. माझ्या भाच्याच्या दुकानात त्याला ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. आमच्या गॅरेजात नुसतं ‘जाळं’ म्हणायचे.

हे जाळं काढण्यात माझी चाळीस वर्षं गेली. १९७२ च्या दुष्काळात माण तालुक्यातून मुंबईला आलो तेव्हा सतरावं सरत होतं. चुलते लालबागला गिरणीत होते, पण त्यांनी मला गिरणीत चिकटवलं नाही. ‘तिथं कापूस छातीत जातो,’ म्हणाले, आणि ग्रँट रोडजवळच्या एका रंगाच्या गॅरेजात आणून सोडलं. इथं थिनर छातीत जातो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

गॅरेजचे उस्ताद दापोलीकडचे कोकणी मुसलमान, साठीला आलेले, मराठीतच बोलणारे आणि मराठीतच शिव्या देणारे. पहिले सहा महिने त्यांनी मला फडक्यापलीकडे काही दिलं नाही. सकाळी चिंध्यांचं गाठोडं सोडायचं. त्यात जुनी धोतरं, गंजीफ्रॉक, विटलेली लुगडी. शिवण कापायची, काजं-बटणं कापायची, मग एकेक फडकं गालावर फिरवायचं. गालाला बोचलं तर ते रंगाला नाही, चाकाला. जमिनीवर पडलेलं फडकं तर चाकालाही नाही. ते आमचे हात पुसायला. एकदा पडलेलं फडकं झटकून मी पुन्हा डिकीवर फिरवलं, तर उस्तादांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि माझ्याच गालावर घासलं. खडा लागला. त्यानंतर ती चूक माझ्या हातून कधी झाली नाही.

दुसरा नियम हाताचा. गाडी ज्या दिशेनं पळते त्याच दिशेनं फडकं मारायचं, पुढून मागं, सरळ. गोल हात फिरवलेला त्यांना खपत नसे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. कदाचित त्यांनाही कुणी सांगितलं नसेल. ताटाचा खेळ समजल्यावर मला ते कळलं. ओरखडे सगळे एकाच दिशेनं असले तर ते एकाच कोनातून दिसतात, गाडीभोवती दोन पावलं सरकलात की नाहीसे होतात. गोल हाताचे ओरखडे मात्र कुठंही उभे राहा, त्यातले काही दिव्याला आडवे असणारच. म्हणजे उस्ताद ओरखडे टाळत नव्हते. ओरखडा पडणारच हे धरून तो कुठल्या बाजूला झोपवायचा ते ठरवत होते.

हा हात त्यांच्याकडे घोडागाडीवाल्यांकडून आला होता. त्यांचे उस्ताद भायखळ्याकडे बग्ग्या आणि व्हिक्टोरिया रंगवायचे, असं ते सांगत. आणि गाडीच्या रंगाचा इतिहास खरोखरच तिथून, मोटारीच्या आधीपासून सुरू होतो. युरोपात काय, अमेरिकेत काय, पहिल्या मोटारी रंगवल्या त्या बग्गीच्या रंगाऱ्यांनी, बग्गीच्याच पद्धतीनं आणि कुंचल्यानं. लाकडावर अस्तर, त्यावर भरण, मग रंगाचे हात आणि शेवटी व्हार्निशचे हात. हे सगळं जवसाच्या तेलावर चालायचं. उकळलेल्या जवसाच्या तेलाला आपले रंगारी बेलतेल म्हणतात, तेच. हे तेल हवेतला प्राणवायू घेत घेत वाळतं, आणि त्याला कसलीही घाई नसते. एक हात वाळायला दिवस लागायचे, सगळी गाडी बाहेर पडायला आठवडे. दोन हातांच्या मध्ये घासणं आलं. वजरीनं टाचा घासतो ना, तसल्या हलक्या सच्छिद्र ज्वालामुखीच्या दगडानं, प्युमिसनं, पाणी सोडत सोडत घासायचं. शेवटच्या व्हार्निशवर त्याच दगडाची वस्त्रगाळ पूड नमद्यावर घेऊन, आणि त्याहून मऊ माती तेलात कालवून तळहातानं. तळहातानं, हे महत्त्वाचं. फडक्यात काय अडकलंय ते दिसत नाही, तळहाताला लगेच कळतं.

या पद्धतीत थर इतके जाड असायचे की जाळं ही तक्रारच नव्हती. ओरखडा आला, घासून टाकला, खाली अजून ढीगभर व्हार्निश. महाग होता तो वेळ. हेन्री फोर्डला तेवढा वेळ नव्हता. १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची, कारण तो काळा स्वस्त होता आणि टिकाऊ होता. डांबराच्या जातीच्या पदार्थातून केलेला, भट्टीत भाजता येणारा.

मग आला ड्युको. या शब्दापाशी मी थोडा थांबणार आहे, कारण आमचा धंदा या शब्दानं जन्माला घातला. मुंबईत आजही सुतार गिऱ्हाइकाला विचारतो, ‘कपाटाला ड्युको मारायचा का?’ त्याला म्हणायचं असतं स्प्रेगननं मारलेला गुळगुळीत चकचकीत रंग. ड्युको हे एका कंपनीच्या मालाचं नाव होतं, हे त्याच्या गावीही नसतं. अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीनं पहिल्या महायुद्धात बंदुकीच्या दारूसाठी कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून अफाट नायट्रोसेल्युलोज बनवलं. युद्ध संपलं, कारखाने रिकामे पडले. त्याच नायट्रोसेल्युलोजपासून पातळ, पिचकारीनं उडवता येणारा, तासाभरात वाळणारा लॅकर त्यांनी काढला. ड्यू पाँट तेव्हा जनरल मोटर्सची मोठी भागधारक होती, त्यामुळे पहिलं गिऱ्हाईक घरातलंच. १९२४ च्या मॉडेलची ओकलंड गाडी निळ्या ड्युकोत बाजारात आली. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं, आणि गाड्यांना रंग आले.

तेव्हाच्या अमेरिकेतल्या दोन गोष्टी आमच्या गॅरेजातही रोज हाताशी होत्या, म्हणून सांगतो. १९२१ मध्ये थ्री एम कंपनीनं पाण्यात भिजवून वापरायचा कागद काढला. आपला पाणपेपर. त्याआधी कागदानं रंग कोरडा घासायचे आणि रंगातलं शिसं धुळीबरोबर रंगाऱ्याच्या पोटात जायचं. पाण्यानं ती धूळ बसवली. आणि १९२५ मध्ये त्याच कंपनीतल्या रिचर्ड ड्रू नावाच्या तरुणानं, दुरंगी गाड्या रंगवताना वैतागलेले रंगारी बघून, मास्किंग टेप काढली. पाणपेपर नि टेप नसती तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची पिवळी कड इतकी सरळ आली नसती.

ड्युकोचा एक दोष होता, आणि त्या दोषावर माझ्यासारख्या हजारो पोरांची चूल पेटली. हा रंग वाळला की चमकत नाही. साय धरल्यासारखा मंद दिसतो, वर संत्र्याच्या सालीसारखे खडबडीत दाणे. चमक हवी तर घासावं लागतं. पाणपेपरनं दाणे मारायचे, ४०० नंबर, ६०० नंबर, वर ८००. मग रबिंग कंपाउंड, म्हणजे बारीक दळलेली वाळू किंवा अल्युमिना तेल-पाण्यात घोटून केलेला लगदा. तो कापसाच्या बोळ्यावर घेऊन दोन्ही हातांनी जोर लावून रेटायचा. मग पॉलिश, मग मेण. मेणातलं नावाजलेलं म्हणजे ब्राझीलच्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवर साचणारं कार्नोबा. कारखान्यात रंग देणारा एक, तर घासणारे चार. बग्गीच्या जमान्यात घासणं ही रंगाची तयारी होती, ड्युकोच्या जमान्यात घासणं हाच रंगाचा शेवट झाला. अमेरिकेत मेग्वायर नावाचं घराणं १९०१ पासून लाकडी फर्निचरचं पॉलिश करायचं, तेही याच ओढीनं मोटारीकडे वळलं.

आमच्याकडे जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीत गाड्या जुळवायला सुरुवात केली. मग सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून अमेरिकन पद्धतीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या, पुढे फियाट ११००, आणि तीच पुढे प्रीमिअर पद्मिनी. घासायला लागणारे दगडही इथंच बनायला लागले होते. उरणजवळच्या मोऱ्याला १९४१ पासून ग्राइंडवेलची सहाणेची चाकं बनत होती. मी गॅरेजात आलो तेव्हा ‘एनसी’ हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडायचा. एनसी रंग, एनसी लांबी. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, हे मला वीस वर्षांनी कळलं. तोवर मी ते कुठल्या तरी कंपनीचं नाव समजत होतो.

एनसी रंगाची एक गंमत आजच्या पोरांना सांगून पटत नाही. तो वाळतो तो फक्त थिनर उडून गेल्यामुळे. आत काही जुळत नाही, आवळत नाही. त्यामुळे वर्षानं त्यावर पुन्हा थिनर पडला तर तो पुन्हा विरघळतो. ओरखडा आला की उस्ताद पातळ केलेला रंग हलक्या हातानं उडवायचे. नवा थर जुन्यात मिसळून जायचा आणि जखम भरल्यासारखी दिसायची. जाळं असेल तर रबिंग मारायचं. निघणारा रंग बोळ्यावर दिसायचा, हिरव्या फियाटचा बोळा हिरवा, निळीचा निळा. बोळ्याच्या रंगावरून उस्ताद सांगायचे, ‘बस. आता कातडी निघेल.’ आमचं मोजमाप तेवढंच.

त्या वेळी गाडी म्हणजे घरचं माणूस होतं. फियाट नोंदवली की वर्षानुवर्षं वाट बघायची. ज्यानं एवढी वाट बघितली तो रविवारी सकाळी दोन तास गाडी पुसत बसला तर नवल नाही. पुसायला असायचं पिवळं फडकं. ते कुठून आलं देव जाणे, पण मुंबईतल्या प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेशी ते घडी घालून ठेवलेलं असे. मेणाला वॅक्सपोलचा डबा. कुणाचा मेहुणा दुबईला असला तर टर्टल वॅक्स, आणि मग तो डबा आम्हाला हात लावायला मिळायचा नाही, मालक स्वतः शेजारी उभे राहून चमच्यानं काढून द्यायचे. दसऱ्याच्या आधी आठ दिवस आमच्याकडे रांग. सगळ्यांना खंडेनवमीला चकाचक गाडी हवी. आणि दसऱ्यानंतर आठ दिवसांनी त्याच गाड्या परत. झेंडूच्या हाराचा दोरा वाऱ्यानं बॉनेटवर तासभर सळसळला की तिथं अर्धचंद्र उमटतो. हळदी-कुंकवाचं बोट लाल-पिवळा डाग सोडतं. हार आणि कुंकू दोन्ही वर्षातून एकदाच लागतं, पण आमचा दिवाळीचा बोनस त्यावरच निघायचा, म्हणून आम्ही कधी कुणाला सांगितलं नाही.

टॅक्सीवाले मात्र जाळ्याला भीक घालत नसत. टॅक्सीचं वरचं अंग पिवळं, लांबून दिसावं म्हणून. खालचं काळं, डाग लपावेत म्हणून, असं सांगतात. काळा डाग लपवतो हे खरं. ओरखडा तो लपवत नाही, उलट काजळ घातल्यासारखा उठवतो. टॅक्सीवाल्यांचा उपाय स्वस्त होता. रॉकेलमध्ये बुडवलेलं फडकं सगळ्या अंगावरून फिरवायचं. तेल ओरखड्यात भरतं, उजेड विखुरत नाही, गाडी नवीकोरी दिसते. पहिल्या पावसापर्यंत. हसू नका. आज बाटलीतून हजार रुपयांना जे ‘ग्लेझ’ मिळतं, त्यातल्या निम्म्याअधिकांचं काम हेच. ओरखडा काढत नाहीत, तेलानं आणि मेणानं बुजवतात. टॅक्सीवाला निदान वास येऊ देत होता.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, आणि टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षांची, म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. पेपरात फोटो आला होता. मी चष्मा लावून बॉनेट बघितलं. जाळंच जाळं होतं.

एनसीची सद्दी एनॅमलनं आणि पुढं क्लिअर कोटनं संपवली. एनॅमल सुकल्यावर आपसूक चमकायचा, घासायची गरज कमी. पण तो लौकर वाळायचा नाही आणि गॅरेजातली माशी त्यावर बसली की बसली. त्यात मला फार रस कधी नव्हता. क्लिअर कोट मात्र वेगळंच जनावर. परदेशात तो ऐंशीच्या दशकात सर्रास झाला. इथं डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, नव्वदनंतर आणखी कंपन्या आल्या, मेटॅलिक रंग आले, तसा तो आमच्या दारात पोचला. खाली रंगाचा पातळ थर, वर बिनरंगी काचेसारखा थर. चमक सगळी वरच्या थराची. रंगात दुसऱ्या डब्यातला हार्डनर मिसळायचा, मग तो आतून जुळतो, आवळतो, थिनरला दाद देत नाही. हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट. आम्ही तोंडाला पंचा बांधून मारायचो. उस्ताद त्याआधीच गावी गेले होते, खोकत.

हा नवा थर कठीण होता, म्हणून ओरखडे कमी पडतील असं आम्हाला वाटलं. झालं उलटं. पडायचे कमी, दिसायचे जास्त. जुन्या रंगावर वरचा थर उन्हानं पांढुरका व्हायचा आणि त्या भुकटीत ओरखडे हरवायचे. काचेवर काही हरवत नाही. शिवाय बोळ्यावर आता रंग येईना. बोळा पांढराच. आमचं एकमेव मोजमाप गेलं.

त्याचा फटका मला बसला. १९९६ मध्ये एक काळी नवी गाडी आली, मालकाला बॉनेटवरचं जाळं काढून हवं होतं. तोवर आमच्याकडे बफिंग मशीन आलेलं, गरगर फिरणारं, तोंडाला लोकरीची टोपी. मी एनसीच्या हिशेबानं कंपाउंड घेतलं आणि रेटलं. मधला भाग आरशासारखा झाला, पण जिथं पत्रा वळतो त्या कडेवर मशीन क्षणभर जास्त थांबलं. कडेला थर मुळातच पातळ. टोपीवर काळा रंग दिसला तेव्हा मी खूश झालो, जुन्या सवयीनं. दोन श्वासांनी कळलं, काळा रंग टोपीवर आला म्हणजे वरची काच संपली. बॉनेट पुन्हा रंगवून दिलं, महिन्याचा पगार गेला. आणि मधला भाग, जो आरशासारखा झाला होता, तो मालकानं उन्हात नेल्यावर मशीनच्या फेऱ्यांनी ढगाळलेला दिसला. जाळं गेलं होतं, त्याच्या जागी ढग आले होते.

तेव्हापासून मी आकड्यांच्या मागं लागलो. नव्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळा रंग मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन. त्यातला वरचा बिनरंगी थर साधारण ४०. केस अंदाजे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीची सगळी झळाळी अर्ध्याहून थोड्या जास्त केसावर उभी. हलकं जाळं एक-दोन, फार तर तीन मायक्रॉन खोल. ते काढायचं म्हणजे ओरखडा उचलायचा नाही, त्याच्या भोवतीचा सगळा प्रदेश ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. शेताला चर पडला तर चर न भरता आख्खं शेत तासावं, तसं. आणि हा वरचा थर उन्हापासून खालच्या रंगाचं रक्षण करतो. तो फार पातळ केला तर दोन-चार उन्हाळ्यांत पापुद्रे सुटतात. बग्गीवाल्याकडे ढीग होता, उस्तादांकडे पिचकारी होती. आजच्या गाडीकडे एकच ठेव आहे, आणि दर पॉलिशला ती मोडते.

कंपन्यांनाही हे कळलं. मर्सिडीजनं २००३ च्या अखेरीस वरच्या थरात अतिसूक्ष्म सिरॅमिक कण घातले. निस्साननं २००५ मध्ये आपोआप भरून येणारा लवचीक थर जाहीर केला, हलका ओरखडा उन्हात काही दिवसांत विरतो असा. दोन्ही चांगले. पण इमारतीखाली सकाळी एक बादली आणि एक फडकं घेऊन दहा गाड्या पुसणाऱ्या पोराला यातलं काय माहीत? पहिल्या गाडीचा चिखल दहाव्या गाडीवर, आणि हात गोल. त्याचा दोष नाही, महिन्याला गाडीमागं मिळणाऱ्या पैशात दुसरी बादली बसत नाही.

भाच्याचं दुकान ठाण्याला आहे. फरशी पांढरी, छताला षटकोनी दिवे, मी जाऊन खुर्चीवर बसतो. तो काय करतो ते मी बारकाईनं बघितलंय, आणि मला कबूल केलं पाहिजे की त्यात उस्तादांचं बरंच काही आहे. दोन बादल्या, एक साबणाची, एक नुसत्या पाण्याची, तळाशी जाळी, म्हणजे वाळू खाली बसते आणि हातमोजा तिला शिवत नाही. मग मातीसारखी मऊ चिकणी वडी पाणी मारत फिरवायची, रंगाला चिकटलेले लोखंडाचे नि डांबराचे कण उचलायला. वडी खाली पडली तर फेकून देतो. फडकं मायक्रोफायबरचं. जपानच्या तोरे कंपनीतल्या मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये अतिसूक्ष्म तंतूंचं कृत्रिम सुएड काढलं, तिथून या तंतूंची लाट सुरू झाली. ते फडकं तो गालावर फिरवत नाही, पण शिवण आणि लेबल कापून टाकतो. मी एकदा विचारलं, हे कुणी शिकवलं? ‘व्हिडिओत बघितलं,’ म्हणाला.

मग तो मोजतो. हातात मावेल एवढं यंत्र पत्र्याला टेकवायचं, आकडा येतो. प्लास्टिकच्या बंपरवर ते चालत नाही, तिथं अंदाज. एखाद्या दारावर २५० आला की समजायचं इथं पूर्वी ठोकलंय, लांबी भरलीय. आणि मग वीतभर जागेवर सगळ्यात मऊ फोम, सगळ्यात सौम्य पॉलिश. त्याचं मशीन गरगर फिरत नाही, फिरता फिरता डुलतं, त्यामुळे एका जागी ताप धरत नाही, ढगही आणत नाही. दोन-तीन फेऱ्या, आडव्या आणि उभ्या. मग स्पिरिट-पाणी मारून तेल पुसतो आणि टॉर्च धरतो. तेल पुसणं ही पायरी मला सगळ्यात आवडते. टॅक्सीवाल्याचं रॉकेल धंद्यात किती मुरलंय हे ज्याला माहीत आहे, तोच ती पायरी पाळतो. तेवढ्यानं जाळं गेलं तर तेच पॉलिश सगळ्या गाडीला. नाही गेलं तर लगेच कडक पॉलिश घेत नाही, आधी गिऱ्हाइकाशी बोलतो. मला विचाराल तर उरलेल्या चार रेघा राहू द्याव्यात.

परवा एक जण आला, काळी गाडी, चौथ्या वर्षात सहावं पॉलिश. बॉनेटवर आकडा ८२. भाच्यानं नुसतं धुऊन मेण लावून देतो म्हटलं. तो माणूस रागावून गेला, समोरच्या गल्लीत करून घेतो म्हणाला. घेईलही.

माझ्याकडे १९८६ ची पद्मिनी आहे, निळी, मीच रंगवलेली. तिचं बॉनेट मी शेवटचं २००९ साली पॉलिश केलं. डाव्या कडेला, जिथं पत्रा वळतो, बोटभर जागेत राखाडी प्रायमर दिसतो. आता तिला मी फक्त धुतो, सरळ हातानं.